बोकीलकाका झाडाला झोपवतात

रोज दुपारी चार वाजता बोकीलकाका झाडाला झोपवायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. आधी गराजमधून शिडी यायची, मग शिडीमागून काका, आणि काकांच्या खांद्यावर एक काळीकुट्ट, भलीमोठी चादर. वर चढून झाडाच्या एकाच फांदीवर ती चादर पांघरायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्या कडा पक्क्या करायच्या. बाकीचं झाड उघडंच. मग खाली उतरून काका दोन पावलं मागे सरकायचे आणि तान्हं पोर एकदाचं झोपल्यासारखा सुस्कारा सोडायचे. सकाळी उठून चादर काढायची, दुपारी परत घालायची. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. म्हटलं, काका झाडाला ब्लँकेट पांघरून राहिले, मी काय करू? नीलेश मीटिंगमध्ये होता. तो म्हणाला, तुझेच काका आहेत, तूच विचार.

तर हे माझे काका कसे झाले ते आधी सांगते.

मी नागपूरची. लग्न होऊन मार्चमध्ये मॉरिसव्हिलला आले तेव्हा मला वाटलं होतं, अमेरिका म्हणजे नुसती गजबज असेल. कशात काय नि फाटक्यात पाय. नवरा सकाळी आठला कॉम्प्युटरच्या कंपनीत जायचा तो संध्याकाळी साडेसातला उगवायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही. ड्रायव्हिंग येत नाही, म्हणजे कुठे जायचंही नाही. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत सगळी आयटीचीच माणसं, त्यामुळे दिवसा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. नागपुरात आमच्या घरी दाराला कडी लागायची ती फक्त झोपताना. इथे मी दिवसभर फ्रीजची घरघर ऐकत बसायचे. एकदा तर मी कुकरला म्हणाले, थांब रे बाप्पा, आले. म्हणून ठरवलं की रोज एक चक्कर मारायची, कोणी दिसो न दिसो.

पहिल्याच चकरेत माझा पाय मुरगळला. रस्त्यावर सगळीकडे काटेरी गोळे पडलेले होते, लिंबाएवढे, तपकिरी, वाळून खडखडीत झालेले. पाय पडला की चप्पल सटकलीच. मी "आई गं" म्हणून मटकन खाली बसले, तर झुडपामागून आवाज आला, "मराठी का?"

झुडपामागून जे बाहेर आलं ते असं होतं: सत्तरीचा उंच, किडकिडीत माणूस, हाफ पँट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, डोक्यावर लोकरीची कानटोपी आणि हातात चक्क खराटा. अमेरिकेत खराटा बघून मला पायाची ठणक विसरायला झालं. तो त्यांनी पुण्याहून सुटकेसमधून आणला होता. कस्टमच्या माणसाला त्यांनी सांगितलं होतं म्हणे, की हे आमचं धार्मिक वाद्य आहे. त्यांनी मला उठवायच्या आधी तो गोळा उचलला, फुंकर मारून बघितला आणि फुटला नाही म्हणून खिशात टाकला. मग मला हात दिला.

ते गोळे ज्या झाडाचे होते, ते त्यांचं झाड म्हणजे स्वीटगम. पानं पाच टोकांची, चांदणीसारखी. चुरगळली की वास छान येतो. पण त्या भागात स्वीटगमचं नाव काढलं की माणसं कपाळाला आठ्या घालतात. गोळे पायाखाली येतात, गवत कापायच्या मशीनमध्ये अडकतात, मुळं वर येऊन ड्राइव्हवे फोडतात. पलीकडचा बिल नावाचा गोरा शेजारी दर ख्रिसमसला काकांना सांगायचा, की तुझं झाड मी फुकट पाडून देतो, माझ्याकडून गिफ्ट समज. काका त्याला दर ख्रिसमसला रोप द्यायचे. कुंडीतलं, लाल फीत बांधलेलं. बिल ते कुठे टाकायचा देव जाणे.

काका त्या भागात आले तेव्हा तिथे तंबाखूची शेतं आणि जंगल होतं, असं ते सांगायचे. आमची घरं नंतर उगवली. काका तिथल्या कापडगिरणीत डाइंग मास्टर होते. कापडाला रंग द्यायचा आणि ठरलेली शेड हुबेहूब येते की नाही ते बघायचं, हेच आयुष्यभर केलं. पुढे गिरणी बंद पडली, काका रिटायर झाले, पण डोळे काही रिटायर झाले नाहीत. शर्टाच्या खिशात कायम गिरणीचं जुनं शेड कार्ड. जगातली कुठलीही वस्तू ते या कार्डाला लावून बघायचे. नीलेशने हौसेनं घेतलेली पहिली गाडी दाखवली तर म्हणाले, ग्रे म्हणून विकली का तुम्हाला, हे तर ओलं सिमेंट आहे. नीलेशचा चेहरा पडला. माझं वरण एकदा बघून म्हणाले, हळद एक शेड कमी पडली. मी म्हटलं, खाऊन सांगा की. खाऊन म्हणाले, मिठाची शेड बरोबर आहे.

तरी मी रोज जायला लागले. दुसरं होतं कोण? आणि त्यांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं. मला त्यांनी एक रोप दिलं आणि त्याबरोबर पाऊण तासाचं भाषण. स्वीटगम कधी वसंतात विकत घ्यायचं नाही. तेव्हा सगळी रोपं हिरवीच, सगळी गुणाची दिसतात. घ्यायचं ते पानं रंगल्यावर, शरदात. कारण एकाच झाडाच्या बिया लावल्या तरी एक रोप जांभळं होतं, एक लाल, एक पिवळं, आणि एखादं नुसतंच तपकिरी होऊन गळतं. घरापासून लांब लावायचं. पाइपांच्या जवळ तर मुळीच नाही. पहिली दोन वर्षं त्याला जावयासारखं सांभाळायचं, वेळेवर पाणी, बुडाशी पालापाचोळ्याची गादी. नंतर घरचा माणूस समजून सोडून द्यायचं. खत जास्त घातलं की ते नुसतं माजतं, रंग धरत नाही. मी म्हटलं, काका, आमच्याकडे अंगणच नाही, दोन बाय चारची पॅटिओ आहे. म्हणाले, तात्पुरतं कुंडीत ठेव, अंगण येईल.

त्यांच्या अंगणात बियांपासून वाढवलेली बरीच झाडं होती, पण लाडकं एकच, हे पुढच्या दारचं. हे पिवळं होणारं. बाकीची लाल-जांभळी निघाली म्हणून मागे राहिली, मुलगा हवा असताना मुली झाल्यासारखी. हे मी काकांना तोंडावर म्हटलं. काका ओशाळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या झाडांना पाणी घातलं.

आता चादरीकडे येते. नीलेशने मीटिंगमधून हात झटकले, तेव्हा मी सरळ गेले आणि शिडी धरून विचारलं, "काका, काहून झोपवून राहिले याला?"

वरून उत्तर आलं, की दिवस लहान झाला असं फांदीला वाटायला पाहिजे. दिवस लहान झाला की झाड समजतं थंडी आली, आणि पान पिकायला घेतं. एरवी हे झाड नोव्हेंबर उजाडल्याशिवाय पिवळं होत नाही, आणि दसरा येतो ऑक्टोबरात. झाडाला पंचांग कळत नाही, त्याला काका काय करणार?

म्हणजे सगळा खटाटोप सोन्यासाठी होता. अमेरिकेत आपटा मिळत नाही, म्हणून काकांनी हे झाड आपट्याच्या जागी नेमलं होतं, आणि त्याची पानं दसऱ्याला सोन्याची व्हावीत म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांची झटापट चालली होती. एका वर्षी त्यांनी श्रावणापासून पाणी तोडलं, तर झाडानं दसऱ्याच्या आधीच पानं टाकली. एका वर्षी बुडाशी रोज बर्फाच्या पिशव्या ओतल्या. दुकानातल्या बाईला वाटलं, यांच्याकडे रोज पार्टी असते. बिलला तर ती काळी चादर हॅलोविनची सजावट वाटली. त्यानं येऊन काकांचं कौतुक केलं, की यंदा तू सगळ्यांच्या आधी लागलास.

सप्टेंबर लागल्यापासून रोज सकाळी शेड कार्ड पानाला लावून निकाल जाहीर व्हायचा. अजून कैरी. अजून कैरी. आज जरा लिंबावर आलं. एके दिवशी मला एक पान पिवळं दिसलं म्हणून मी धावत घेऊन गेले, तर त्यांनी ते कार्डाला लावून परत दिलं आणि म्हणाले, हे पितळ आहे.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, एक सांगा. आपट्याचं पान तर हिरवंच असतं. आपण हिरव्या पानालाच सोनं म्हणतो ना? मग तुम्ही या बिचाऱ्या झाडाच्या मागे का लागलात?

काका खराटा टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे दारात माणसं येतात गं. तिथे हिरवं चालतं. इथे लांबून दिसेल असं काहीतरी पाहिजे, म्हणजे येतील."

मी शिडी उचलायला लागले.

झालं होतं असं. पूर्वी मॉरिसव्हिलमध्ये मोजकी मराठी घरं होती. दसऱ्याला सगळी एकमेकांकडे जायची आणि शेवटी काकांकडे जमायची, कारण काका वयानं मोठे. मग कोणी फ्लोरिडाला गेलं, कोणी मुलांकडे गेलं, कोणी वारलं. काकूही गेल्या. आमच्यासारखी आयटीवाली टोळधाड आली, मराठी मंडळ मोठं झालं, आणि सगळे सण शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी व्हायला लागले. पंचांगात दसरा मंगळवारी असो की गुरुवारी, साजरा शनिवारी. काकांना हे मान्य नव्हतं. कोणीही विषय काढला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "दसरा शनिवारी नसतो." एकदा कोणीतरी वाद घातला, की शनिवारी येऊ शकतो की. त्यावर म्हणाले, आला तर येऊ दे, ओढून आणायचा नाही.

त्यामुळे ते हॉलमध्ये जायचे नाहीत. आणि दुसऱ्यांच्या घरीही जायचे नाहीत, कारण रीत अशी की सोनं लहानांनी मोठ्यांना द्यायचं, मोठ्यांनी दार उघडं ठेवून बसायचं. आता मॉरिसव्हिलच्या पंचक्रोशीत काकांपेक्षा मोठं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून दरवर्षी खऱ्या दसऱ्याला काका दार उघडं ठेवून बसायचे. एवढंच हवं होतं त्यांना, की त्या दिवशी कोणीतरी सोनं घेऊन आत यावं. आणि येणार कोण? कामाचा दिवस, सगळे ऑफिसात.

गंमत म्हणजे मंडळाला सोनं काकांचंच लागायचं. सेक्रेटरी समीर चार दिवस आधी फोन करायचा, "काका, पानांचं काय यार, दोनशे तरी लागतील." काका त्याला शनिवारवरून एक फटका द्यायचे आणि दोन दिवस बसून पानं तयार करायचे. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचं, शेडप्रमाणे वेगळं करायचं, ओल्या पेपर टॉवेलात ठेवून झिपलॉकच्या पिशवीत भरायचं. समीर गाडी चालू ठेवून पिशव्या उचलायचा आणि जायचा. वाईट पोरगा नव्हता. घाईत असायचा.

काकांची मुलगी अमृता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला होती, चांगल्या कंपनीत, दोन मुलं. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, घर विका आणि इकडे या. मी कितीदा ऐकलंय, कारण काका फोन स्पीकरवर टाकून कुंड्या भरायचे. काकांचं एकच पालुपद, की दसऱ्याला माझ्याकडे माणसं येतात, मी नसलो तर त्यांना कोण भेटेल? अमृता मराठीत सुरू करून इंग्लिशमध्ये रडकुंडीला यायची. मागून नातू ओरडायचा, आजोबा, जस्ट कम! काका म्हणायचे, हो हो, आणि दुसरी कुंडी ओढायचे.

ते दोन हजार चार साल होतं, आणि त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो. जावयांनाही जेवढा अधिक महिना आवडत नसेल, तेवढा काकांना आवडायचा. त्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच थंडी पडली. नवरात्रात एका सकाळी मी खिडकी उघडली, आणि बाप्पा! सगळं झाड पिवळंधम्मक. मी गाउनवरच धावले. काका अंगणात उभे होते, कार्ड हातात, ते लावायचंही त्यांना सुचलं नव्हतं. फक्त एक फांदी हिरवीगार राहिली होती. दोन महिने जिला रोज चादर पांघरली, तीच. चादरीखाली तिला थंडी लागलीच नव्हती. मी हसून हसून पोट धरून बसले. काका गंभीरपणे म्हणाले, ती अजून उठायची आहे.

दसरा शुक्रवारी होता, मंडळाचा कार्यक्रम शनिवारी. गुरुवारी समीर येऊन पिशव्या घेऊन गेला. हाताला येणारी पिवळी पानं सगळी त्यातच गेली. मी काकांना विचारलं, घरी ठेवली का? म्हणाले, तबकभर आहेत, येणाऱ्यांना द्यायला.

शुक्रवारी सकाळी मी कॉलिंग कार्ड लावून नागपूरला फोन केला. तिथे संध्याकाळ झाली होती. घरात इतकी माणसं, की आईला माझं काही ऐकू येईना. कोणीतरी मागे ओरडत होतं, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आई म्हणाली, नंतर कर गं, लोक आलेत. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून खूप रडले. मग डोळे पुसले, चक्का बांधून ठेवला होता त्याचं श्रीखंड केलं, आणि संध्याकाळी लग्नातली पैठणी नेसून डबा घेऊन एकटीच निघाले. नीलेशची मीटिंग संपलेली नव्हती.

काकांचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर रांगोळी, ठिपका न् ठिपका जागेवर. आत भिंतीला लावून डायनिंगच्या खुर्च्या, घडीच्या खुर्च्या, बाथरूममधलं स्टूलसुद्धा मांडलेलं. टेबलावर पेढ्यांची चळत, वरपासून खालपर्यंत अख्खी. शेजारी पानांचं तबक. दाराकडे तोंड करून रेशमी झब्बा घातलेले काका बसले होते. मला बघून पटकन उठले.

"ये ये," म्हणाले, "आत्ताच गर्दी ओसरली. सगळे येऊन गेले."

मी म्हटलं, हो का, मला उशीरच झाला.

तेवढ्यात फोन वाजला. अमृता होती. त्या दिवशी त्यांनी स्पीकर लावला नाही, पाठ फिरवून बोलले. हो गं, आले होते. खूप जण. बसायला जागा नव्हती. समीर आला, सगळे आले. नाही, एकटा कुठला? आत्ताच पांगले बघ. मी पेढ्यांकडे बघत राहिले. त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची एक इंच सरकवली, पुन्हा होती तिथे आणली.

मी वाकून नमस्कार केला आणि सवयीनं हात पुढे केला. काकांनी तबकाकडे हात नेला आणि थांबले.

"आधी तू द्यायचं," ते म्हणाले. "लहानानं मोठ्याला."

मला एकदम शरमल्यासारखं झालं. श्रीखंड आणलं होतं, सोनं कुठून आणणार? सगळ्या गावाचं सोनं यांच्याच दारात. तबकातलं उचलून देणं बरं दिसेना. मी म्हटलं, एक मिनिट, काका. पैठणी खोचून अंगणात गेले. अंधारून आलं होतं. पिवळी पानं सगळी उंचावर, माझा हात पोचेना. हाताला लागलं ते फक्त त्या आता चादर नसलेल्या हिरव्या फांदीचं खाली झुकलेलं टोक. त्यातलं एक चांगलं पान खुडलं, पदराला पुसलं आणि आत येऊन त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, "काका, सोनं घ्या."

काकांनी दोन्ही हातांनी ते घेतलं. मग खाली बसले आणि चष्मा काढून म्हणाले, "हॉल झाल्यापासून सगळा गाव माझ्या झाडाचं सोनं वाटतो, वैशाली. मला कोणी आणून दिलं नव्हतं."

मला रडू आलं. त्यांनाही आलं. आम्ही दोघं त्या एवढ्या खुर्च्यांमध्ये बसून नाकं पुसत होतो. मग मी उठून वाटीत श्रीखंड वाढलं आणि पेढ्यांच्या चळतीवरचा वरचा पेढा उचलून खाल्ला. काकांनी वाटी घेतली, पण चमचा हातात तसाच धरून बसले. थोड्या वेळानं वाटी खाली ठेवली, फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवला.

"अमृता," ते म्हणाले, "मघाशी मी खोटं बोललो. कोणी आलं नव्हतं. आत्ता आलंय."

ती पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काका बराच वेळ ऐकत होते, मान हलवत होते.

"हो," ते म्हणाले, "शेजारचीच आहे. बसली आहे अजून."